मिरच्यांची ऊब

मिरचीचं बी पहिल्यांदाच लावणाऱ्या लेकाला कुणीतरी सांगितलं, की रुजायला खालून ऊब लागते. झालं! आईच्या गुडघ्यांखालचं हीटिंग पॅड निघालं आणि बियांच्या बारा खळग्यांच्या ट्रेखाली गेलं. “चार दिवस कळ काढ गं आई, नाजूक असतं ते,” तो म्हणाला. चाराचे सोळा झाले. उन्हाची खिडकी तिच्याच खोलीत, म्हणून ट्रेही तिच्याच उशाशी. तो सकाळसंध्याकाळ यायचा, एकेक खळगा निरखायचा, मायेने पाणी फवारायचा आणि जाताना पॅड तापलंय ना, बघायचा. तिचे गुडघे लाकूड झाले होते. पण तोंडाची वाफ कोण दवडणार? आज तो ओरडला, “आई, अकरा कोंब आले!” “मग आता पॅड...” ती चाचरली. तो बाराव्या खळग्यात बोट खुपसत होता. “आता उगवत नाही हे. फेकतो, उगाच जागा अडवतंय.” आईने न कण्हता पाय पोटाशी घेतले.