हॅस्केलआजोबांचं गवत

ब्रेनाने सुट्टीत बाबांचं यंत्र घेऊन गल्लीतल्या अंगणांचं गवत कापायचा धंदा काढला. शेजारी एकटे राहणाऱ्या हॅस्केलआजोबांचं गवत जरासं वाढलेलं दिसलं, तशी तिने बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही. डुलकी लागली असेल, म्हणत तिने ते फुकटच कापलं. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं.

पलीकडच्या डोरीनकाकू कुंपणापाशी आल्या. "काय गं, आज म्हाताऱ्याने तुला जुंपलं वाटतं!"

"छे हो काकू, मीच आपणहून कापतेय. मागच्या खेपेलाही मीच कापलं. ते दार उघडतात कुठे!"

काकूंच्या हातातली पाण्याची नळी गळून पडली.

"अगं, आमचं ठरलंय... त्यांचं गवत वाढलेलं दिसलं, की मी दार फोडून आत जायचं."