प्लगपंडितांची गाडी

“हा कंडेन्सर नको. नकली आहे,” म्हणत अण्णांनी त्याला टिचकी मारली आणि तो मिस्त्रीच्या हातात परत ठेवला.

मिस्त्रीने दातओठ खाल्ले. सकाळपासूनचा हा तिसरा. प्लग घासून झाले, कॉइल बदलली, वायरी नव्या घातल्या, तरी ती म्हातारी गाडी हूं की चूं करेना. दहा वाजता जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. आणि मिस्त्रीने गल्लीसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, “आज सुरू नाही झाली, तर गॅरेजची पाटी उतरवून भाजी विकीन!”

“पॉइंट बघू का एकदा?”

“पॉइंटला हात लावायचा नाही. फट मी स्वतः लावलीय.”

अण्णांपुढे कोण बोलणार? गल्ली त्यांना प्लगपंडित म्हणायची. अकरा वर्षांपूर्वी गाडी ओढत आणली, तेव्हापासून मिस्त्री आले नि गेले. अण्णांच्या पसंतीला एक पार्ट उतरला नाही.

“अहो, करू द्या की त्याला काम!” काकू तासभर नटून पायरीवर बसल्या होत्या. “नाहीतर ही सवत सुरू व्हायच्या आधी मीच जायची वर!”

“घाईने ठिणगी पडत नसते,” अण्णा म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

मिस्त्रीने पटकन डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि आ वासला. दोन पॉइंटच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा! कात्रीने नीट कापून बसवलेला. पॉइंट एकमेकांना टेकतच नाहीत, तर ठिणगी पडणार कुठून, कप्पाळ?

त्याने हळूच काकूंकडे पाहिलं. सवत काय! वरून नटणं-मुरडणं आणि आतून हे धंदे!

पण नवरा-बायकोच्या भानगडीत पडतो कोण? त्याने तुकडा खिशात घातला, झाकण लावलं, चावी फिरवली.

धडधडधड! धुराचा लोट सोडून म्हातारी जागी झाली. गल्ली धावत आली. काकू टाळ्या पिटत पुढच्या सीटवर चढून बसल्यासुद्धा. मिस्त्रीची छाती दोन इंच फुगली.

अण्णा टॉवेल धरून दारातच थिजले. चेहरा पांढराफटक.

“आनंदाने वाचाच बसली हो!” शेजारी ओरडले आणि चौघांनी त्यांना उचलून स्टिअरिंगमागे बसवलं.

“चला ना!” काकू म्हणाल्या.

अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून मिस्त्रीची कॉलर धरली, त्याचा कान तोंडाशी ओढला आणि कुजबुजले,

“यातला ब्रेक कोणता?”