कडेला लिहिलेलं नाव

"तुझी सीडी अजून जपलीय मी," म्हणत शाल्मलीनं ती त्याच्या हातात ठेवली. कॉलेजात असताना त्यानं स्वतःची गाणी घरच्या कॉम्प्युटरवर भरून अशा सीड्या वाटल्या होत्या. बाकीच्यांवर मार्करनं तारीख टाकली. हिच्या सीडीवर मात्र कडेला, बॉलपेननं दाबून दाबून हिचं नाव लिहिलं.

"सगळी गाणी पाठ आहेत. शेवटचं तेवढं कधी वाजलंच नाही. काय होतं रे त्यात?"

त्यानं सीडी उजेडात धरली. शेवटचं गाणं कडेलाच असतं. तिथंच चकाकी खरवडली होती आणि तिच्या नावातून आरपार उजेड येत होता.

लग्नाचं तोंडानं विचारायला तो धजला नव्हता, म्हणून त्या गाण्यात विचारलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा नकार समजून त्यानं गाव सोडलं.

"आठवत नाही," म्हणत तो तिच्या नावावरून अंगठा फिरवत राहिला.