दोन बिल्ले

"क्लच पूर्ण दाब. अर्धवट नाही," नवरा म्हणाला.

तिनं दाबला. दुसरा गिअर कर्रकन अडला आणि व्हॅन उचकी लागल्यासारखी थांबली.

"जोर लावू नकोस. तो अडतो. जरा थांबायचं, मग सरकवायचा." त्यानं खिडकीतून हात काढून दारावर बाहेरून दोन थापा मारल्या. "डबल बेल. चल."

एकतीस वर्षं त्यानं बस चालवली होती. कंडक्टरची डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आपल्या स्टिअरिंगला कुणाला बोट लावू द्यायचं नाही, हीसुद्धा. मग या समुद्रालगतच्या घाटरस्त्यावर, एका हाताला सरळ कडा तुटलेला असताना, त्याला बायकोला गाडी शिकवायचा उमाळा का यावा?

तिला कारण कळून चुकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती व्हॅनचे पडदे शिवत होती. दोरा तुटला म्हणून मशीन थांबलं, आणि शेजारच्या खोलीत तो भावाशी फोनवर बोलताना ऐकू आला. "या प्रवासातच उरकून टाकतो. तिला कळता कामा नये." त्याच आठवड्यात त्यानं घराच्या कागदांवर तिच्या सह्या घेतल्या होत्या. "वाचत काय बसतेस? सही कर."

त्याचा राग अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. एकदा तर तापलेली इस्त्री त्यानं तिच्या अंगावर भिरकावली होती. कोपराजवळचा डाग अजून होता. आणि तोच माणूस आता सकाळी उठून तिला चहा करून देत होता! वाघानं पालापाचोळा खाल्ला म्हणून शेळीनं नाचायचं नसतं बाई. तिची झोप उडाली होती. त्याचंही जेवण तुटलं होतं, दोन महिन्यांत तिनं त्याच्या पँटी दोनदा कमरेत आत घेतल्या होत्या. मनात पाप असलं की अन्न गोड लागत नाही, हे तिनं स्वतःलाच सांगितलं.

प्रवासात ठरवलेल्या पाच बेटांपैकी दोन पाहून झाली होती. दोन्हीकडे तो तिला कडेच्या खडकावर बोलवत राहिला आणि दोन्हीकडे ती गर्दी सोडून हलली नाही.

तिसरं बेट म्हणजे नुसता वाळूचा पट्टा. होडीवाल्यानं धक्क्यावरच होडीतली एक फळी दाखवली. बावीस खिळे, बावीस पितळी बिल्ले, प्रत्येकावर आकडा.

"उतरताना बिल्ला घ्यायचा, चढताना खिळ्याला लावायचा. फळी भरली की मी निघालो. माणसं मोजायला गेलं की हलतात, बिल्ले हलत नाहीत. आणि पाचच्या आत हं! नंतर भरती. अर्ध्या तासात बेट पाण्याखाली."

"किनाऱ्यावरून दिसतं का ते?" नवऱ्यानं विचारलं.

"छे! दुर्बीण लावली तरी नाही."

हा प्रश्न कशासाठी, हे तिनं ओळखलं. व्हॅनला कुलूप लावून तो आधी होडीत चढला आणि तिला हात दिला. तिनं तो धरला नाही.

बेटावर मधोमध एक उंचवटा होता. त्यापलीकडचं टोक कुणाला दिसत नव्हतं. पाचला थोडा वेळ उरला, तेव्हा तो म्हणाला, "चल, तिकडे जाऊ. थोडा वेळ बसू दोघंच."

"माझे गुडघे दुखताहेत."

मग तिच्या खांद्यावरची पिशवी घेऊन त्यानं पाण्याची बाटली काढली, पाणी प्यायला, बाटली परत आत खोचली आणि पिशवी पुन्हा तिच्या खांद्यावर नीट अडकवली.

"बरं. मी एकटाच जाऊन येतो." त्यानं आपला बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. "माझाही लावून टाक. मी शेवटी चढेन. उगाच होडीवाला ओरडत बसेल."

तो गेला. बत्तीस वर्षं सांगेल ते तिनं केलं होतं, आजही करेल असं त्यानं धरूनच चालावं, याचा तिला संताप आला. आणि मग तिला वेगळंच सुचलं. आज ती वाचली होती. उद्या? पुढे आणखी दोन बेटं होती, आणि घाट तर रोजचाच.

फळीशी तिनं आधी आपला बिल्ला लावला, मग त्याचा. अकरा. बारा. दोन्ही बिल्ले खिळ्यांवर बसले.

होडीवाल्यानं फळी पाहिली. "काकू, काका चढले ना?"

"हो. मागे बसलेत, सावलीत."

होडी वळली आणि उंचवट्यामागचं टोक दिसलं. तो तिथे उभा होता. धावला नाही. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळ्या वाजवल्या. दोन. इंजिनाच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही. बाकीचे सगळे किनाऱ्याकडे तोंड करून बसले होते. तिनं मान खाली घातली. मी केलं नसतं तर तू केलं असतंस, ती मनात म्हणाली.

धक्क्यावर उतरून माणसं पांगली. ती बाकावर बसून राहिली. तिकीटखिडकीवरच्या घड्याळात अर्धा तास जाऊ द्यायचा, मग बोंब ठोकायची. मला डुलकी लागली हो, मला वाटलं ते मागेच आहेत! पडद्याची किनार दुमडावी तसं तिनं ते खोटं नीट दुमडून ठेवलं होतं.

अर्धा तास झाला. वर दहा मिनिटं झाली. तोंड पुसायला टॉवेल हवा म्हणून तिनं पिशवीत हात घातला, तर बाटलीखाली त्याचा रुमाल लागला, गाठ मारलेला. आत व्हॅनची किल्ली होती, त्याचं घड्याळ होतं, आणि हॉस्पिटलचा एक कागद. कागदाच्या मागच्या बाजूला त्याचं अक्षर होतं.

"घर तुझ्या नावावर केलंय. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, ते पलंगावर ओरडत काढायचे नाहीत मला, आणि तुलाही काढायला लावायचे नाहीत. इस्त्रीचं तेवढं माफ कर. दुसरा गिअर अडतो, जोर लावू नकोस. डबल बेल."