बिनतोंडाची

भिंतीवरची बाई वाकली आणि कौसल्याच्या शेजारी बसलेली पुष्पाबाई फसकन हसली. "अगं, ही तर तूच की. अंगठा बघ कसा कमरेला पुसून राह्यली."

खरंच पुसत होती. कपाशीची एक कळी सोलली की अंगठा कमरेला, दुसरी सोलली की पुन्हा कमरेला. डावा खांदाही तसाच उतरता. संकरित बियाण्याच्या प्लॉटवर दर कळीमागे आपण असं करतो हे कौसल्याला आज कळत होतं, भोकरदनजवळच्या शाळेच्या हॉलात, भर दुपारी, खिडक्यांना सतरंज्या टांगून केलेल्या अंधारात.

पुण्याला शिकून आलेल्या पायलनं महिन्यापूर्वी तिच्या कोपरांना, गुडघ्यांना, बोटांना हालचाल टिपणारे पट्टे बांधले होते आणि रिकाम्या खोलीत तिच्याकडून काम करून घेतलं होतं. पुढ्यात झाड नव्हतं, कळी नव्हती, तरी हात चुकले नव्हते. त्याचाच आता हा खेळ झाला होता. भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडात उमटलेली, माणसाच्या उंचीची राखाडी बाई. खेळणाऱ्याच्या हातात बटणाची डबी. बटण दाबलं की बाई वाकते, भराभर दाबलं की भराभर हात चालवते. एका मिनिटात किती कळ्या झाल्या तो आकडा वरच्या कोपऱ्यात. दारावर पायलनं रंगवून लावलं होतं, 'तिच्या जागी तुम्ही'.

आधी हेडमास्तर खेळले. थोड्याच वेळात त्यांचा अंगठा दुखायला लागला. केवढे कष्ट असतात हो, असं ते म्हणाले आणि पायलचे डोळे भरून आले. एवढ्यासाठीच तिनं सगळा खटाटोप केला होता.

मग डबी प्लॉटवरच्या मुकादमाच्या हातात गेली. अप्पारावाच्या.

अप्पारावाला काम ठाऊक होतं. कळ्यांची एक ओळ संपली की बाई कुठं कंबर सरळ करायला बघते, तेही ठाऊक होतं. नेमकं तिथंच तो बटण दाबायचा. भिंतीवरची बाई अर्धी उठायची आणि तशीच पुन्हा खाली जायची. आकडा हेडमास्तरांच्या पुढं गेला, तिप्पट झाला. माणसं टाळ्या वाजवायला लागली. मागून कुणीतरी शिट्टी घातली.

पुष्पाबाईचं हसू मात्र कधीच थांबलं होतं.

कौसल्या उठली आणि भिंतीच्या कडेनं पायलपाशी गेली. तिनं हळूच विचारलं, हिचं तोंड कुठंय?

पायलनं समजावून सांगितलं. चेहरा मुद्दामच दिलेला नाही, मावशी. चेहरा नसला की ती एकटी कुणी राहत नाही, कुणीही असू शकते.

"कुणीबी कशी असंल?" कौसल्या म्हणाली. "पट्टे तर मला बांधले व्हते."

उत्तर अप्पारावानं दिलं. बटणावरचं बोट न काढता तो मोठ्यानं म्हणाला, "तोंड दिलं न्हाई हे बेस केलं, पोरी. वावरात निम्मा टाइम हिच्या तोंडापायीच जातो."

अख्खा हॉल हसला. हेडमास्तरसुद्धा.

कौसल्याचे कान तापले. प्लॉटवर हे बोलला असता तर जागच्या जागी उत्तर घेऊन गेला असता. मागं त्यानं बायांची पाण्याची सुट्टी बंद केली होती. तेव्हा हातातली कळी खाली टाकून, याच तोंडानं, बांधावरच्या सगळ्यांदेखत तिनं ती परत मिळवली होती. चाळीस बायांची दुपारची सावली एवढ्या एका तोंडावर टिकलेली. पोरीनं खांदा घेतला, कंबर घेतली, अंगठा पुसायची खोडसुद्धा घेतली, आणि नेमकं तेच तेवढं सोडलं. उद्या हा खेळ जालन्याला जाणार होता, मग पुण्याला. तिथं तर कुणीही डबी धरणार, आणि ही वाकत राहणार.

ती सरळ चालत प्रोजेक्टरच्या उजेडात शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, चित्र अडतंय," पायल म्हणाली. "जरा बाजूला होता का?"

कौसल्या हलली नाही. राखाडी बाई आता तिच्या अंगावर काम करत होती. तिचे हात कौसल्याच्या पोटावरून, पदरावरून भराभर फिरत होते. लोक आधी हसले. मग नुसतेच बघायला लागले.

"सरक ना बाजूला," अप्पाराव म्हणाला. "मिनिट संपंल मव्हं."

"संपू द्या."

त्याचं बोट क्षणभर अडलं. तेवढ्यात राखाडी बाई सरळ झाली. तिचं कोरं डोकं वर आलं, ते बरोबर कौसल्याच्या डोक्यावर. डोळे आले, नाक आलं, पान खाऊन लाल झालेले ओठ आले. खुर्च्यांच्या मागच्या रांगेतून एक बाई उठून उभी राहिली, नीट दिसावं म्हणून.

"मुकादम," ते तोंड बोललं, "बाया पाणी पिऊन येतेत. तवर तुमी गप बसा."

प्रोजेक्टर बंद करायला पायलचा हात वायरपाशी गेला होता, तो तिथंच थांबला.

अप्पारावानं बटण दाबलं. जोरात, दोनदा.

राखाडी बाई खाली वाकली. तोंड वरच राहिलं.