दादाचं खोदकाम

आमच्या तेर गावात हातभर उकरलं तरी जुनी खापरं निघतात, नशीब असलं तर नाणीही. त्यामुळं शेजारच्या त्याच्या घरात दादानं गवंडी न बोलावता, आतून कडी लावून स्वतःच संडास फोडायला घेतला, तेव्हाच मला शंका आली. जागा आमच्या वडिलांची, अण्णांची; जे निघेल त्यात निम्मं माझं. अण्णाही सामील असणार. राहतात आमच्यात, पण महिनाभर ताटात अर्धीच भाकरी घेतायत. गोडधोड तिकडं चालू असेल. तिसऱ्या दिवशी कडी निघताच मी आत घुसलो. कोपऱ्यात पोत्यानं काहीतरी झाकलेलं. पोतं ओढलं, तर खाली पांढराशुभ्र कमोड. “घावलं का सोनं?” दादानं सिमेंटचे हात पुसले. “अण्णांना उकिडवं बसवत न्हाय. गावभर व्हईल म्हणून गवंडी नको म्हणाले. तुला बोलले न्हाईत?” “न्हाय. मग ती अर्धी भाकरी?” “पोटभर खाल्लं की तुझ्याकडं उकिडवं बसावं लागतं.”