बिनखिशाचा कोट

"कोटात खिसे असतात हो, सगळी कबुतरं त्यातच कोंबलेली! यात कसली आलीय कला?" जादूचा प्रयोग ऐन रंगात आला असताना शेजारच्या गृहस्थानं चकलीचा तुकडा तोंडात टाकत अख्ख्या रांगेला ऐकवलं.

मुकुंद टेलरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जादूगाराच्या अंगातला तो काळा कोट त्यानंच शिवला होता. दुसऱ्या ट्रायलला जादूगारानं रुमालाचा खिसासुद्धा बुजवायला लावला होता. "मग कबुतरं ठेवणार कुठं?" मुकुंदनं विचारलं, तर तो नुसता हसला होता. "लोकांना शोधू दे की खिसे!"

तीस वर्षं बोटं झिजवली त्या माणसानं, आणि हा चकलीखाऊ म्हणतो, खिसे!

"तोंड आवरा!" मुकुंद ताडकन उठून गरजला. "तो कोट मी शिवलाय! एकसुद्धा खिसा नाही त्यात! सगळी करामत त्या हातांची आहे. कोट कसला बघताय? हातांकडे बघा!"

इतका वेळ कोटावर खिळलेल्या तीनशे लोकांच्या नजरा एकदम हातांकडे वळल्या.

उजवा हात हवेत होता. डावा टेबलामागून पाचवं कबूतर उचलत होता. तो तिथंच थबकला.

जादूगारानं मुकुंदकडे पाहिलं. महागाचं कापड बेतताना टेलरची कात्री चुकली, की गिऱ्हाईक जसं बघतं, अगदी तसं.